'ॲक्सिलरेटेड अप्रूव्हल'ला मराठीत काय म्हणायचं? जलद, त्वरित की आणखी काही?

निळी_शाई:
मंडळी जरा मदत करा. पेशंट आणि नातेवाइकांसाठी चार पानी माहितीपत्रक मराठीत करतेय, नवी औषधं लवकर मिळावीत म्हणून औषध नियंत्रकांनी ज्या वेगळ्या वाटा काढल्यात त्याबद्दल. एकट्या अमेरिकेतच चार आहेत, फास्ट ट्रॅक, ब्रेकथ्रू थेरपी, प्रायॉरिटी रिव्ह्यू आणि ॲक्सिलरेटेड अप्रूव्हल. मी पहिल्या खर्ड्यात चारही ठिकाणी 'जलद मंजुरी' लिहून मोकळी झाले, तर तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी चारही शब्दांना लाल गोल करून परत पाठवलं, खाली फक्त एवढंच, "या चार वेगळ्या गोष्टी आहेत हो!"

घाटमाथा:
फास्ट ट्रॅकला शोधत कशाला बसायचं, जलदगती न्यायालय आहे, मुंबई-पुण्याचा द्रुतगती मार्ग आहे. शब्द तयार आहेत, उचलायचे. ॲक्सिलरेटेडला 'त्वरित' करा, शाळेत त्वरण शिकलोच होतो की.

फाईलवाला:
थांबा थांबा. माझं पोट औषधमंजुरीच्या फायलींवरच चालतं म्हणून सांगतो, 'त्वरित' म्हटलंत की अर्थ गेला. प्रायॉरिटी रिव्ह्यू म्हणजे फाईल ढिगात वरती येते, नेहमी दहा महिन्यांचं टार्गेट असतं ते सहावर येतं, बस्स. फास्ट ट्रॅक 1997 चा, त्यात औषध तयार होत असतानाच अधिकाऱ्यांशी बसता येतं आणि फाईल जसजशी होईल तशी तुकड्या-तुकड्यात देता येते. ब्रेकथ्रू 2012 चं, सुरुवातीच्याच पुराव्यात आधीच्या उपचारापेक्षा ठळक फरक दिसला तर. या तिघांना जलदगती, अग्रक्रम वगैरे चालेल. पण ॲक्सिलरेटेड ही वेगळीच जात आहे. ती 1992 मध्ये आली, एड्सची माणसं वाट बघता बघता जात होती म्हणून. त्यात मोजतात तेच बदलतं, फाईल किती पळते हा मुद्दाच नाही.

उदाहरण देतो. बेडाक्विलिन, औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवरचं. अमेरिकेत डिसेंबर 2012 मध्ये याच वाटेने आलं. पेशंट कायमचा बरा झाला का, पुन्हा उलटला का हे कळायला वर्षं जातात. मग बघितलं काय, तर थुंकी कल्चरला लावली की त्यात जंतू वाढायचे कधी थांबतात. त्यावर मंजुरी, आणि खरा पुरावा नंतर आणून द्यायची अट.

माजघर:
म्हणजे शितावरून भाताची परीक्षा! सरोगेट एंडपॉइंट सरोगेट एंडपॉइंट म्हणतात ते हेच होय. 'सरोगेट' म्हटलं की आमच्याकडे फक्त सरोगेट आई आठवते, त्यामुळे कधी कळलंच नव्हतं.

फाईलवाला:
अगदी. फक्त इथे शीत बघून पंगत बसवतात आणि भात शिजला का ते नंतर बघतात 😀

बीडकर_८०:
मग याला आमच्याकडे शब्द आहे, उचल. ऊसतोडीची टोळी हंगामाआधीच मुकादमाकडून उचल घेते, काम नंतर फेडायचं. कंपनीने मंजुरीची उचल घेतली, आता पुढची ट्रायल करून फेडा. आणि नाही फेडली तर?

फाईलवाला:
तर मंजुरी जाते, पण लगेच नाही. दिवसांआधी बाळंतपण होऊ नये म्हणून मकेना नावाचं इंजेक्शन होतं, 2011 ला असंच मंजूर झालं, पुढच्या मोठ्या ट्रायलमध्ये फायदा दिसला नाही, आणि मंजुरी काढून घेतली एप्रिल 2023 मध्ये. बारा वर्षं उचल थकलेली! बेडाक्विलिनने मात्र फेडली.

निळी_शाई:
बीडकर, उचल फारच नेमकं आहे पण पत्रकात कशी घालू, लोक उचलेगिरी वाचतील. 'आगाऊ मंजुरी' कसं वाटतं? आगाऊ रक्कम असते तसं.

घाटमाथा:
आगाऊ म्हणजे आमचा धाकटा. नको. युरोपवाले कंडिशनल म्हणतात ना, त्याला सरळ 'सशर्त मंजुरी', सरकारी कागदात रुळलेला शब्द आहे.

फाईलवाला:
युरोपला सशर्त बरोबर, तिथे 2006 पासून आहे आणि ती मंजुरी एकच वर्षाची, दरवर्षी नूतनीकरण. पण सशर्त तर आपल्याकडे मंडपाची परवानगीपण असते. अट कसली, तर पुरावा बाकी आहे, हे शब्दातून यायला पाहिजे असं माझं मत.

वॉर्ड_नं_७:
उशिरा आले धाग्यावर. मी हॉस्पिटलात समाजसेविका आहे. तुमच्या पत्रकात कम्पॅशनेट यूज, म्हणजे मंजुरी न मिळालेलं औषध एखाद्या गंभीर पेशंटला देणं, हे असेल तर कृपा करून 'अनुकंपा' लिहू नका. आमच्याकडे कुणीतरी फॉर्मवर लिहिलं होतं, 'अनुकंपा तत्त्वावर औषध'. एक मावशी तो कागद हातात घेऊन उभ्या, मला म्हणाल्या, "ताई, अनुकंपा म्हणजे आमचे हे गेल्यावर ना? ते तर आहेत अजून." त्यांच्या दिराला तशी नोकरी लागली होती, भाऊ गेल्यावर. काय बोलणार मी. तेव्हापासून 'खास परवानगी' म्हणते.

फाईलवाला:
आणि ते जास्त बरोबरपण आहे, कारण तिथे औषधाला मंजुरी नसतेच. मंजुरी औषधाला, परवानगी त्या एका पेशंटला. हा फरक पाळाच. आपल्याकडे 2019 च्या नव्या औषध नियमांत लवकर मंजुरीची वाट आहे, आणि पुढच्या वर्षी दुरुस्ती करून अशा वापराचंही घातलं. त्याआधी 2017 मध्ये याच बेडाक्विलिनसाठी पाटण्याच्या एका 18 वर्षांच्या मुलीच्या वडिलांना दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं होतं, तेव्हा औषध देशात सहाच केंद्रांवर मिळायचं.

माजघर:
एक बारीकसं. 'एफडीएची मंजुरी' असं नुसतं लिहू नका. दिवाळीत भेसळीच्या खव्यावर धाड टाकतात ते एफडीए, सगळ्यांना तेच वाटणार. 'अमेरिकेचं औषध प्रशासन' लिहा.

घाटमाथा:
आणि 'नवोन्मेषी औषधे' नको प्लीज, उच्चारताना दात दुखतात. 'नवी औषधं' म्हणा. जपानने आपल्या योजनेला सरळ घरचा शब्द घेतला, साकिगाके, म्हणजे सगळ्यांच्या पुढे जाऊन पहिला चढाई करणारा.

बीडकर_८०:
मग आपलं 'बिनीचं औषध' की!

निळी_शाई:
बिनीचं!! ब्रेकथ्रूला हेच घालते, बाई काय म्हणतात बघू. ॲक्सिलरेटेडला सध्या 'पुरावा बाकी ठेवून मंजुरी' लिहिलंय, लांबलचक आहे पण आईला वाचून दाखवलं तर पहिलाच प्रश्न आला, "बाकी कधी देणार?" त्यामुळे राहू देतेय. आता ऑर्फन ड्रग, म्हणजे दुर्मिळ आजारांवरचं औषध. 'अनाथ औषध' लिहिलेलं खोडलंय, पुढे सुचत नाहीये.

माजघर:
पोरकं?