मदत हवी आहे: टर्कीच्या शिकारीला सामान कशात न्यावं? व्हेस्ट, कंबरेची बॅग की छोटी सॅक?

रानवेल

नमस्कार मंडळी. विषय इथल्या नेहमीच्या धाग्यांपेक्षा वेगळा आहे, पण अमेरिकेत राहून शिकारीला जाणारे दोन-चार जण इथे आहेत हे जुन्या चर्चांवरून माहीत आहे, म्हणून विचारते.

मी मध्य पेनसिल्वेनियात राहते. गेल्या वर्षी पहिल्यांदा वसंतातल्या टर्कीच्या (कोंबडीच्या कुळातला मोठा रानपक्षी) शिकारीला गेले. शेजारच्या आजोबांनी शिकवलं. हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, परवाना काढला आणि सगळा सीझन त्यांच्या मागोमाग डोंगर चढले. यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे मी एकटी जाणार. आमच्याकडे सीझन १ मेच्या जवळच्या शनिवारी उघडतो. तीन आठवडे उरलेत.

माझं अडलंय सामानावर. आजोबांनी त्यांचा जुना टर्की व्हेस्ट, म्हणजे शिकारीचं बिनबाह्यांचं जाकीट, दिलाय. मागे शिकार ठेवायची मोठी पिशवी, खाली लोंबणारी बसायची गादी आणि पुढे इतके कप्पे की मी मोजायचं सोडून दिलं. माझी उंची ५ फूट २ इंच, वजन ५२ किलो. व्हेस्ट त्यांच्या मापाचा, त्यामुळे गादी मांड्यांवर नाही, थेट गुडघ्यांच्या लवणीत आपटते. दर पावलाला थप्प, थप्प. माउंटन लॉरेलच्या झुडपांतून जाताना ती गादी हमखास अडकते.

गेल्या मे महिन्यात काय झालं तेही सांगते. चेस्टनट ओकच्या बुंध्याला पाठ लावून बसले होते. उजाडत होतं. खालच्या घळीतून टॉम (नर टर्की) ओरडला, मग जरा जवळून, मग अजून जवळून. मला स्लेट कॉल (पाटीवर काडी घासून टर्कीचा आवाज काढायचं साधन) हवा होता, तो उजव्या कप्प्यात, आणि त्या कप्प्याला वेल्क्रो. मी शक्य तितकं हळू उघडलं, तरी त्या शांततेत टर्रर्र असा आवाज झाला. घळीतून एकदाच 'पट्!' ऐकू आलं. धोका कळला की टर्की तसाच आवाज काढते. त्यानंतर काही नाही. आजोबा काही बोलले नाहीत, पण घरी येईपर्यंत मला चैन नव्हती.

दुसरं म्हणजे बंदूक. घरी रिकामी शॉटगन खांद्याला लावून पाहिली. व्हेस्टचा पट्टा जाड, गादीदार, त्यावर दस्ता नीट बसतच नाही, दंडाकडे सरकतो.

सामान असं: बॉक्स कॉल (झाकण घासून वाजवायची लाकडी डबी), स्लेट कॉल आणि त्याच्या दोन काड्या म्हणजे स्ट्रायकर, तोंडात धरायच्या कॉलची डबी, घडी होणारे दोन डिकॉय (नकली टर्की), काडतुसं, पाणी, हातमोजे, चेहऱ्याची जाळी, टॅग (मारलेल्या पक्ष्याला बांधायची चिठ्ठी)-पेन-दोरी, छोटी कात्री, बॅटरी. हे सगळं व्हेस्टमध्ये भरून विमानाच्या बॅगा तोलायच्या काट्याला अडकवलं, तर ६ किलो २०० ग्रॅम भरलं. बंदूक वेगळी.

सह्याद्रीत दहा-बारा वर्षं ट्रेक केलेत, ओझ्याचं काही वाटत नाही. पण तिथे सॅक उतरवायची, हवं ते काढायचं, परत पाठीवर टाकायची. इथे बसल्यावर बोट हलवायची चोरी. तुम्ही काय वापरता?

उंबर

ताई, आधी एक सांगा. लपून बसायच्या तंबूसारख्या ब्लाइंडमध्ये बसता की फिरती शिकार? ब्लाइंड असेल तर व्हेस्टची गरजच नाही, घडीची खुर्ची आणि एक साधी कापडी पिशवी पुरते.

रानवेल

फिरती. सरकारी जमीन आहे, स्टेट गेम लँड्स. पहाटे अंधारात धारेवर चढायचं, आवाज ऐकायचा, त्या दिशेला जागा धरून बसायचं. नाही आला तर उठून पुढची जागा. एका सकाळी तीन-चार किलोमीटर सहज होतात.

उंबर

मग आजोबांचा व्हेस्ट प्रेमाने कपाटात ठेवा. दुसऱ्याच्या मापाचा व्हेस्ट आणि दुसऱ्याच्या मापाचे बूट, दोन्ही सारखेच त्रास देतात.

डोंगरयात्री

मी ओहायोत. अकरावा सीझन आहे. व्हेस्ट, छातीवरची बॅग, कंबरेची बॅग, सगळं वापरून झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कुठलीही वस्तू विकत घ्यायच्या आधी घरी एक करा. जमिनीवर भिंतीला पाठ टेकून बसा, गुडघे वर. रिकामी बंदूक डाव्या गुडघ्यावर टेकवा, दस्ता खांद्यापाशी. तुम्ही उजव्या हाताने नेम धरता असं समजतो. आता कोपर अंगापासून न हलवता उजवा हात कुठवर जातो ते बघा. उजव्या मांडीचा वरचा भाग, पोटाची उजवी बाजू आणि छातीचा खालचा भाग, बस्स. तेवढीच तुमची जागा. टॉम पन्नास पावलांवर आला की लागणारी प्रत्येक गोष्ट तिथेच हवी. टर्कीला वास फारसा येत नाही, पण तिला रंग दिसतात आणि हालचाल तर आपल्या कितीतरी आधी दिसते. पाठीमागे हात घातलात की संपलं.

त्या जागेत काय हवं? तोंडातला कॉल आणि स्लेट, एवढंच. तोंडातला कॉल तर तोंडातच हवा. बॉक्स कॉल लांबून आवाज द्यायला चांगला, पण वाजवताना हालचाल जास्त दिसते, त्यामुळे पक्षी जवळ आल्यावर त्याचा उपयोग नाही. तो मागे गेला तरी चालेल. डिकॉय बसायच्या आधीच लावून होतात. पाणी, कात्री, टॅग हे उठल्यावरचं. म्हणजे तुमच्या ६ किलोंपैकी पुढे लागणारं सामान अर्धा किलोही नाही. त्या अर्ध्या किलोसाठी जागा ठरवा, बाकीचं कुठेही जाईल.

छातीवरच्या बॅगेबद्दल माझं मत वाईट आहे. दिसायला सोयीची, पण गुडघे वर घेऊन बसलं की मांड्या तिला वर ढकलतात आणि ती हनुवटीला येऊन लागते. शिवाय बंदूक खांद्याला आणताना दस्ता तिच्या कडेला घासतो. तुमच्यासारख्या लहान चणीच्या माणसाला हे जास्त जाणवेल.

मी आता कंबरेची बॅग वापरतो. चालताना पाठीमागे, बसताना सरकवून उजव्या बाजूला. तिला खांद्यावरून दोन अगदी पातळ पट्ट्या आहेत, बोटभर रुंदीच्या, दस्त्याच्या आड येत नाहीत. बसायला फोमचा वेगळा तुकडा, बॅगेखाली दोन पट्ट्यांनी बांधलेला.

कोकणकडा

मी वेगळ्या मताचा आहे. व्हेस्ट सगळेच वाईट नसतात. मुलांच्या मापाचे मिळतात आणि हल्ली पट्ट्यांचे व्हेस्ट येतात, कापड कमी, गादी काढता येते, कप्प्यांना लोहचुंबकाची बटणं. चुंबक हळू सोडवलं तर अजिबात वाजत नाही. माझ्या बायकोला मुलांच्या मापाचा घेतला, चार वर्षं तोच चाललाय. प्रत्येक वस्तूचा कप्पा ठरलेला असला की अंधारात हात आपोआप जातो, हा व्हेस्टचा फायदा कंबरेच्या बॅगेत नाही. तिच्यात सगळं एकाच खड्ड्यात पडतं.

डोंगरयात्री

मुद्दा बरोबर आहे. माझ्या बॅगेत मी आतून कापडाचे दोन कप्पे शिवून घेतले ते याचसाठी.

मृगशीर्ष

क्षमस्व, पण ज्या पक्ष्याचा आवाज ऐकायला माणसं पहाटे उठतात त्याला मारायचं का? इथे असे धागे हवेत का?

रानवेल

तुमचा प्रश्न मीही स्वतःला वर्षभर विचारत होते, म्हणून राग नाही. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातून आलेली शिकारबंदी मला योग्यच वाटते. इथली गोष्ट वेगळी आहे. जंगलतोड आणि बेबंद शिकारीमुळे टर्की बऱ्याच राज्यांतून जवळजवळ संपली होती. जाळ्यांनी पकडून दुसऱ्या जंगलांत सोडून ती परत वाढवली. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो, म्हणजे या कामात शिकाऱ्यांचा पैसा आहे. वसंतात फक्त दाढीवाला (छातीवर केसांसारखा झुपका असलेला) पक्षी मारता येतो, आणि आमच्याकडे त्याच्या मागावर दबकत जायलाही बंदी आहे, आवाज देऊन बोलवायचं. मारलं तर पूर्ण खायचं हा आजोबांचा नियम. तंगड्या चिवट असतात, कुकरला आठ शिट्ट्या घेतल्या की त्यांचं सुक्कं होतं.

सायंतारा

सामानाबरोबर रंगांचा विचार केलाय का? एकट्या जाणार आहात आणि तेही सरकारी जमिनीवर, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

पिसारा फुलवलेल्या टॉमचं डोकं लाल, पांढरं, निळं असतं. हे तीन रंग अंगावर किंवा सामानावर कुठेही नकोत. आपण कपड्यांचं बघतो आणि बारीक गोष्टी विसरतो. माझ्या पाण्याच्या बाटलीचं बूच निळं होतं. झाडाला टेकून पाणी पीत होते, साठ-सत्तर पावलांवर एक माणूस थबकला आणि त्याची बंदूक वर येऊ लागली. मी मोठ्याने 'हे!' अशी हाक मारली. हात हलवला नाही, तेवढं कोर्समध्ये शिकवलेलं आठवलं. तो गृहस्थ जागच्या जागी खाली बसला, त्याचे हात थरथरत होते. आम्ही दोघंही बराच वेळ बोललो नाही. त्या दिवसापासून बाटलीला खाकी चिकटपट्टी, नाक पुसायला तपकिरी कापड. पांढरा टिश्यू जंगलात खिशाबाहेर काढायचाच नाही.

डिकॉय हातात किंवा बॅगेला लटकवून कधीही नेऊ नका, डोकं आत जाईल अशी बंद पिशवी हवी. आणि मारलेला पक्षी नेण्यासाठी नारिंगी कापड किंवा नारिंगी जाळीची पिशवी. मोठा टॉम ८-१० किलोंचा असतो. पाय धरून खांद्यावर टाकला की चालताना त्याचे पंख हलतात आणि लांबून तो जिवंत पक्षीच वाटतो. व्हेस्टमागची मोठी पिशवी खरं तर याचसाठी असते. व्हेस्ट सोडणार असाल तर तिची ही जागा कशाने तरी भरून काढा. चालताना डोक्यावर नारिंगी टोपी. आमच्याकडे ती सक्तीची नाही, तरी मी घालते.

उंबर

+१. बुंधा खांद्यांपेक्षा रुंद बघा, पाठ राखली जाते. आणि कपड्यांना परमेथ्रिन (कीटकनाशक) मारा. पेनसिल्वेनियात गोचिड्या आणि त्यांच्या चाव्याने होणारा लाइम आजार दोन्ही भरपूर. औषध कपड्यांवरच, अंगावर नाही, पूर्ण वाळल्यावर घाला. घरात मांजर असेल तर ओल्या कपड्यांपासून लांब ठेवा.

कोकणकडा

बॉक्स कॉल चालताना आपोआप कुईकुई करतो, झाकणाला रबरबँड लावून ठेवा. त्याचा खडू आणि स्लेट दोन्ही दमटपणापासून जपा. स्ट्रायकरच्या टोकाला बोट लावू नका, तेलकट झालं की स्लेटवरून नुसतं घसरतं.

रानवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी आले, कारण तुम्ही सांगितलेलं करून बघत होते.

भिंतीला टेकून बसायचा प्रयोग केला. डोंगरयात्री म्हणतात ते अगदी खरं निघालं. माझा हात तर त्यांच्यापेक्षाही कमी पोचतो, कारण दस्ता माझ्या हाताला थोडा लांबच आहे. मैत्रिणीची छातीवरची बॅग लावून पाहिली, ती खरोखर हनुवटीला लागली.

कंबरेची बॅग घेतली, पातळ पट्ट्यांची. नेमबाजीच्या रेंजवर ती लावून तीन काडतुसं उडवली. दस्ता खांद्याच्या खोबणीत बसला, आणि व्हेस्ट घालून डावीकडे जाणारे छर्रे आता कागदाच्या मधोमध पडले. फोमचा तुकडा खाली बांधलाय, मांड्यांच्या वरच राहतो, आपटत नाही. डिकॉय दोनऐवजी एकच, बंद पिशवीत. बॉक्स कॉल मागे. नारिंगी जाळीची पिशवी घडी करून तळाशी, तिच्यातच टॅग, पेन आणि दोरी, कारण आमच्याकडे पक्षी जागेवरून हलवायच्या आधी टॅग बांधावा लागतो. काट्यावर ३ किलो १०० ग्रॅम.

सायंतारा, तुमचं लिहिणं वाचून सगळं सामान पलंगावर पसरून एकेक वस्तू बघितली. बॅटरीचं बटण लाल होतं, कात्रीची मूठ लाल, तोंडातल्या कॉलची डबी पांढरी. सगळ्यांना खाकी पट्टी चिकटवली.

एकच अडलंय. या बॅगेच्या पुढच्या कप्प्यालाही वेल्क्रोच आहे, आणि स्लेट नेमकी तिथेच ठेवायची आहे. आत स्लेट आणि स्ट्रायकर एकमेकांवर खडखडतात ते वेगळंच.

डोंगरयात्री

वेल्क्रोच्या काटेरी पट्टीवर जाड सुती कापड शिवून टाका. कप्पा उघडाच राहील, पण झाकण वरून पडतं, वस्तू पडत नाही. पडेल अशी भीती वाटली तर झाकणाला एक लाकडी बटण आणि दोऱ्याचा फास. स्ट्रायकर मात्र स्लेटबरोबर ठेवू नका, त्यांना बाजूला पेनसारखे उभे दोन खण शिवा.

रानवेल

शिवलं! आईची एक जुनी सुती साडी होती, मळकट हिरवी. तिचेच खण केले आणि उरलेल्या तुकड्यात स्लेट गुंडाळली. काठ लाल होता, तो आधी कापून काढला. आत्ता अंधारात बसून दहा वेळा स्लेट काढून पाहिली, कानाला काहीच ऐकू आलं नाही. आजोबांना दाखवायला नेली, त्यांनी डोळे मिटून दोनदा काढायला लावली आणि म्हणाले, डावा खण अर्धा इंच वर घे. ते आज रात्री करते. शनिवारी पहाटे साडेतीनला निघणार आहे.