तेराव्यानंतर काय करायचं? (तासगाव)

द्राक्षबागवाला:
आमच्या गल्लीत दीड महिन्यापूर्वी गोळीबार झाला. भांडण दुसऱ्याच दोघांचं, उसन्या पैशावरनं, आमचा शेजारी बिचारा टपरीवर सुट्टे घ्यायला थांबलेला तर ह्याच्या पोटात गोळी लागली, सांगलीला नेईपर्यंत बोलत होता, ऑपरेशनमधे गेला. घरात बायको, म्हातारी आई, पोरगा नऊचा, पोरगी पाचची. रक्षाविसर्जन, दिवस होईपर्यंत अख्खं गाव होतं, भाकऱ्या एवढ्या यायच्या की उरलेल्या म्हशीला घातल्या. आता दारात चप्पल दिसत नाही. परवा वरातीत फटाक्यांची माळ लावली तसा पोरगा दिवाणाखाली शिरला तो तासभर बाहेर येईना. वहिनी म्हणाल्या, "भावजी, सगळे म्हणतात काय लागलं तर सांगा, मला काय लागतंय तेच कळंना." आम्ही सातआठ घरं आहोत, थोडेफार पैसे जमतील, पण नेमकं करायचं काय?

कोरेगावचा_पोस्टमन:
आमच्या चुलतभावाचं असंच झालं होतं म्हणून सांगतो. पहिलं म्हणजे "काय लागलं तर सांगा" हे बंद करा, वार वाटून घ्या. दळण कोण नेणार, शाळेत सोडायला कोण जाणार, म्हातारीच्या गोळ्या कोण आणणार, न विचारता. आणि एक माणूस फक्त कागदांना लावा. मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीत मिळणार नाही, माणूस सांगलीत गेला म्हणजे तो महापालिकेतनं, आम्ही हे कळायला तीन हेलपाटे घातले. त्याची गाडी, मोबाईल पोलिसांनी मुद्देमालात जमा केला असेल तर कोर्टात अर्ज करून सुपूर्तनाम्यावर (लागेल तेव्हा हजर करू अशा हमीवर) मिळते, पण कुणीतरी मागे लागावं लागतं.

मिरजेची_वकीलीण:
कागदवाल्या माणसाला आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पाठवा, तिथं बाईला आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हेल्पलाईन 15100. भरपाईचा अर्जही तिथंच. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 357अ होतं, 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 396. आरोपी सापडला नाही तरी अर्ज करता येतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, लोक निकालाची वाट बघत बसतात. मुलांसाठी बाल संगोपन योजना बघा, मुलामागे महिना 2250. वहिनींना निकषात बसलं तर संजय गांधी निराधार, तहसीलला.
टपरीवर ज्यांनी बघितलं ते आता तोंड उघडत नसतील. साक्षीदार संरक्षण योजना आहे, जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करायचा. पण खरं सांगू, साक्षीदार टिकतो तो गल्ली त्याच्या पाठीशी असली तरच, तारखेला चौघंजण सोबत कोर्टात येऊन बसले की फरक पडतो.

वाईकर_परदेशी:
मी काही वर्षं बोस्टनला होतो. तिकडं डिसेंबर 1993 मधे लुई ब्राउन नावाचा 15 वर्षांचा मुलगा गोळीबारात गेला, त्याच्या आईने 1994 मधे संस्था काढली, अजून चालू आहे. खून झालेल्या घराला अंत्यविधीपासून मदत करतात, कारण तिथं ते सगळं घरच्यांच्याच अंगावर पडतं. आपल्याकडं तेवढं भावकी बघते. आपली फट चौदाव्या दिवसापासून पडते, तुमची सातआठ घरं तिथंच लावा.

कृष्णाकाठची_शिक्षिका:
फ्लेक्स लावलाय का हो चौकात? भावपूर्ण श्रद्धांजली, खाली पंधरा नेत्यांचे फोटो? असेल तर वहिनींना विचारून उतरवा, पोरगा रोज त्याखालनं शाळेत जातो. आणि सीसीटीव्हीची क्लिप ग्रुपवर फिरत असणारच, ती डिलीट करायला लावा, माझ्या वर्गातल्या एका पोराने बापाची क्लिप दुसऱ्याच्या मोबाईलवर बघितली होती. वर्गशिक्षकांना जाऊन सांगा, मधल्या सुट्टीत पोरं "गोळी कशी लागली" विचारतात. तो फटाक्यांना घाबरतो हे फार मनावर घेऊ नका, त्याला "घाबरट" तर अजिबात म्हणू नका. फारच झालं तर टेलिमानस, मानसिक आधाराची सरकारी हेल्पलाईन, 14416, मराठीत बोलतात.

कोरेगावचा_पोस्टमन:
मोर्चा काढा की एखादा, दबाव येतो.

मिरजेची_वकीलीण:
वहिनींची इच्छा असेल तरच. नाहीतर पुढाऱ्यांचे फोटो होतात आणि बाई परत एकटी.

द्राक्षबागवाला:
फ्लेक्स होता. काल रात्री उतरवला, वहिनींनी तो घडी घालून आत ठेवला, म्हणाल्या पावसाळ्यात सरपणावर घालू. दळण माझ्याकडं आलंय, शाळेचं शेजारच्या काकूंनी घेतलं, कागदांना आमचा बँकेतला रिटायर माणूस तयार झालाय. पुढच्या रविवारी अजून एक वरात आहे, माळ आमच्या गल्लीत लावू नका म्हणून नवरदेवाच्या बापाला सांगायला कोण जाणार एवढ्यावर अडलंय.