पाठ असलेले वचन उमगले तो दिवस

आमच्या घरी जेवणापूर्वी गीतेचा पंधरावा अध्याय म्हणण्याची पद्धत होती, त्यामुळे त्याचे 20 श्लोक अर्थ कळण्याच्या कितीतरी आधी तोंडपाठ झाले. अर्थ पुढे पुस्तकांतून कळला. पण एखादे वचन थेट आपल्या वागण्यालाच येऊन भिडते, तो दिवस निराळा असतो. त्या दिवसाविषयी आपण सर्वांनी लिहावे, अशी विनंती आहे. श्लोकाचे विवरण नको. काय घडले आणि आपण काय केले, एवढे पुरे.

पुण्यातील एक नोकरदार

जुना फ्लॅट विकताना पावसाळ्यात पाझरणारी भिंत मी रंगवून घेतली होती. खरेदीदारांनी ओलीविषयी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मात्र खरे दिले, आणि त्याचे मला समाधानही होते. त्याच सुमारास द्रोणपर्व वाचत होतो. अश्वत्थामा मेला, हे मोठ्याने सांगून ‘हत्ती’ हा शब्द युधिष्ठिराने अस्पष्ट उच्चारला आणि तोवर जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. ते पुटपुटणे आणि माझा रंगाचा हात यांत मला काही फरक सापडेना. पावसाला तीन आठवडे होते. खरेदीदारांना फोन करून सर्व सांगितले आणि वॉटरप्रूफिंगचा खर्च दिला.

सांगलीच्या निवृत्त शिक्षिका

सासूबाईंना पक्षाघात झाल्यापासून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागे. मी गीतापठणाचा वर्ग घेत असे, तो बंद पडला, आणि खरे सांगायचे तर त्याचा राग मी त्यांच्यावर काढत होते. एका दुपारी वनपर्वातील धर्मव्याधाची कथा वाचत बसले असताना त्यांनी अंथरूण ओले केले आणि मी नको ते बोलून गेले. त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी तीच कथा पुढे वाचली. कौशिक हा वेदाध्ययन केलेला ब्राह्मण. रागाच्या नुसत्या दृष्टीने त्याने एक बगळी मारलेली असते. पतीच्या सेवेत असल्यामुळे त्याला भिक्षेसाठी ताटकळत ठेवणारी गृहिणी ‘मी काही ती बगळी नव्हे’ असे त्याला सुनावते आणि धर्म शिकण्यासाठी मिथिलेच्या बाजारात मांस विकणाऱ्या व्याधाकडे पाठवते. हा व्याध बरेच काही सांगतो, पण शेवटी कौशिकाला घरात नेऊन आपले आईवडील दाखवतो आणि हेच माझे दैवत, असे म्हणतो. ते दोघे जेवून, शुभ्र वस्त्रे नेसून, उत्तम आसनावर बसलेले असतात. मी त्या शुभ्र वस्त्रांपाशी थांबले. सासूबाईंना मी कायम विटके, उसवलेले गाऊन घालत होते, कारण ते खराब होणारच, हा माझा हिशेब होता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ट्रंकेतले मऊ पडलेले इरकली लुगडे काढून त्याचे तीन गाऊन शिवून घेतले. पहिला घातला तेव्हा त्या चालत्या हाताने काठ कितीतरी वेळ चाचपत होत्या. माझी चिडचिड त्या दिवशी संपली असे नाही. पण माझ्या तोंडून पुन्हा तसा शब्द गेला नाही.

न्यू जर्सीहून

वरील कथेचा शेवट मला सोडत नाही. आईवडिलांची परवानगी न घेता तू अध्ययनासाठी निघून आलास आणि ते दोघे शोकाने आंधळे झाले, असे सांगून व्याध कौशिकाला घरी परत पाठवतो. माझे आईवडील साताऱ्याला दोघेच राहतात. यंदा तीन महिन्यांची बिनपगारी रजा घेऊन त्यांच्याकडे जात आहे. पुढचे अजून ठरवता आलेले नाही.

ठाण्याच्या एक गृहिणी

घरकामाला येणाऱ्या ताईंच्या मुलीची फी मी भरली आणि भिशीच्या दिवशी त्यांच्यासमोरच ते मैत्रिणींना सांगितले. हातातला चहाचा ट्रे ठेवून त्या मान खाली घालून आत गेल्या. तैत्तिरीय उपनिषदातले ‘ह्रिया देयम्’, म्हणजे संकोचाने द्यावे, हे मला येत होते. मी आत जाऊन त्यांची क्षमा मागितली.

नाशिकचे एक मामा

‘ह्रिया देयम्’ हे वचन तैत्तिरीय उपनिषदाच्या ज्या भागात आहे, ती शिक्षावल्ली आमच्याकडेही उपयोगी पडली. भाच्याची मुंज होती आणि बहीण विधवा आहे. मातृभोजनाला तिच्याऐवजी काकूला बसवावे, असे घरातील वडीलधाऱ्यांनी परस्पर ठरवले होते; बहीण मुकाट्याने मागच्या खोलीत जाऊन बसली. शास्त्राच्या नावाने माणसांवर पुष्कळ अन्याय झाला आहे, आणि महाडला 25 डिसेंबर 1927 रोजी मनुस्मृती का जाळली गेली, हे प्रत्येक पठण करणाऱ्याने समजून घ्यावे, असे माझे मत आहे. मी गुरुजींना एवढेच म्हणालो की, ज्या अनुवाकात ‘मातृदेवो भव’ आहे, त्यातच पुढे आचार्य शिष्याला सांगतात, ‘यान्यस्माकं सुचरितानि तानि त्वयोपास्यानि, नो इतराणि’. आमचे जे चांगले आचरण असेल तेवढेच तू उचल, इतर नको. आचार्यांनी स्वतःच्या आचरणातही निवड करायला सांगितली आहे, मग आपण का करू नये? आणि ‘मातृदेवो भव’ याला सवाष्ण असण्याची अट कुठे आहे?

मांडवात कोणी बोलेना. गुरुजींनी पंचा सारखा केला, आतल्या खोलीकडे पाहिले आणि म्हणाले, “ताईंना बोलवा. पान वाढा.”