जुन्या बुलेटचं इंजिन गरम झालं की वाजतंय, क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा) गेलाय का? खोलायच्या आधी सल्ला हवाय

जुनी_साडेतीनशे
नमस्कार मंडळी, वडिलांची कास्ट आयर्न बुलेट आहे, ३४६ सीसीवाली, चार वर्षं नुसती उभी होती, मी ऑइल बदललं, इग्निशनचे पॉइंट साफ केले आणि चालू केली. थंड असताना आवाज अगदी मस्त, पण दहा-पंधरा मिनिटं चालवली की खालून ठक ठक सुरू होतं आणि चढावर तर जास्तच. थ्रॉटल सोडला की जवळपास गायब. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) दोनदा सेट करून झाले, काही फरक नाही. मेकॅनिक म्हणतो पिस्टन वाजतोय, रिबोअर करून टाकू, म्हणजे सिलिंडर आतून मोठा घासून घेऊ. मला ते पटत नाहीये. वडिलांनी ही गाडी जिवापाड जपली होती, त्यामुळे अंदाजाने खोलायची नाहीये, काय ते नक्की कळल्यावरच हात लावीन.

पुशरॉड_प्रेमी
रिबोअरला थांब! पिस्टन वाजत असेल तर उलटं होतं, थंड असताना जास्त वाजतो आणि गरम झाला की फुगून गप्प होतो. तुझं गरम झाल्यावर सुरू होतंय, लोड आला की वाढतंय, म्हणजे ऑइल पातळ झालं की कुठलंतरी बेअरिंग उघडं पडतंय. माझा संशय बिग एंडवर, म्हणजे पिस्टनच्या रॉडचं क्रँककडचं खालचं बेअरिंग. टॅपेटचा आवाज बारीक असतो, टिकटिक, आणि वरून येतो. लांब स्क्रूड्रायव्हर घे, टोक क्रँककेसवर (इंजिनचा खालचा भाग) टेकव, मूठ कानाच्या मागच्या हाडाला लाव आणि जागा बदलत ऐक, मग ब्लॉकवर (सिलिंडर), मग त्याच्या वरच्या हेडवर. जिथे ठोका हाताला जाणवतो तिथे रोग.

आणि टॅपेट थंड इंजिनवरच सेट केलेस ना? पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला, पुशरॉड (व्हॉल्व्हकडे जोर पोचवणारी काडी) बोटांनी सहज फिरायला हवा पण वर-खाली अजिबात हलता कामा नये.

चेनस्प्रॉकेट
प्रायमरी चेन (इंजिनकडून क्लचकडे जाणारी) बघितलीस का? ढिली झाली की कव्हरला आपटते आणि क्रँक गेल्यासारखंच वाटतं, माझे दोन महिने त्यात गेलेत. आयडलिंगला क्लच दाबून बघ, आवाज बदलला तर आधी तिकडचं कव्हर उघड.

जुनी_साडेतीनशे
क्लच दाबून काहीच बदललं नाही. स्क्रूड्रायव्हर लावला तर ठोका सरळ क्रँककेसमध्ये, वर काहीच नाही. ऑइल काढलं, त्यात पिवळसर चमकी होती, मॅग्नेटला चिकटली नाही.

पुशरॉड_प्रेमी
मग झालंच, बुशचा (बेअरिंगचं काम करणारी धातूची नळी) चुरा आहे तो. आता हेड-ब्लॉक उतरव, क्रँक टॉपला आण, रॉड दोन्ही हातांनी धर आणि सरळ वर-खाली ओढ. आडवा थोडा हलणारच, त्याची काळजी करू नको, पण वर-खाली केसभरही टक् झालं तर बिग एंड गेलं. ऑइलचा थर असला की ढिलेपणा लपतो, म्हणून आधी पेट्रोलने नीट धुऊन घे.

पण मन लावून वाच, बेअरिंग गेलं हे नुसतं लक्षण आहे. त्याला ऑइल का पोचलं नाही ते शोधल्याशिवाय नवं बसवू नकोस. या जुन्या इंजिनात बिग एंडला फ्लोटिंग (मोकळा फिरणारा) बुश असतो, रोलर बेअरिंग ऑइलची थोडी उपासमार सहन करतं पण हा बुश करत नाही. उभ्या गाडीतला गाळ फ्लायव्हीलच्या ऑइलच्या वाटेत दगडासारखा बसतो. वाट तारेने मोकळी कर, पेट्रोल मार, मग हवा मार. ऑइल पंपही खोल, पंपाच्या डिस्कवर ओरखडे असतील तर काचेवर बारीक पेस्टने घासून सपाट कर.

जुनी_साडेतीनशे
ब्लॉक उतरवला. रॉड वर ओढला तर टक् झालं, अंगठ्याला स्पष्ट जाणवलं. पिस्टनला एक चरा नाही, रिंगा ठीक. आणि फ्लायव्हीलची वाट पूर्ण बंद होती, तारेच्या टोकाला काळा मेणासारखा गोळा आला. तो हातात घेऊन जरा बसूनच राहिलो.

पुशरॉड_प्रेमी
मिळालं कारण! आता क्रँक प्रेसवर खोलून नवी क्रँकपिन (ज्यावर बिग एंड फिरतं ती पिन) बसवताना तू स्वतः तिथे उभा राहा आणि पिनचं ऑइलचं भोक फ्लायव्हीलच्या भोकासमोर आलंय का ते डोळ्यांनी बघ. हे चुकलं तर नवा बुशही असाच जाणार, अशी दोन इंजिनं मी पाहिलीत. नंतर सेंटरमध्ये धरून डायल गेज लावायला सांग, फिरताना होणारी डगमग ०.०५ मिमीच्या आत हवी. रिंगचा गॅप बोअरमध्ये टाकून मोज, ७० मिमीच्या बोअरला साधारण ०.२५ ते ०.३ मिमी.

पहिल्यांदा चालू करताना प्लग काढ आणि तीस-चाळीस किका मार, घाई करू नको. रॉकरच्या पाइपचा बोल्ट सैल करून ठेव, तिथून ऑइल पाझरायला लागलं की घट्ट कर आणि मगच प्लग लाव. पाझरलंच नाही तर किक मारत बसू नको, पंप परत उघड.