गेलेल्या मित्राच्या व्हॉइस नोट्स कशा जपायच्या?

नौपाडाकर:
पुढच्या महिन्यात मित्राचं वर्षश्राद्ध. संध्याकाळी ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर त्याच्या चार-पाच व्हॉइस नोट्स ऐकवायच्या आहेत. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरमध्ये सगळ्यांचेच आवाज एकत्र पडलेत, नाव कुणाचंच नाही. शोधायचं कसं?

कोपरी पूल:
फोल्डरपासून सुरुवात करू नका. त्याचं चॅट उघडा, वरचे तीन ठिपके, ‘मोअर’, ‘एक्स्पोर्ट चॅट’, मग मीडियासकट. सोबत येणाऱ्या टेक्स्ट फाइलमध्ये प्रत्येक नोट कुणाची, कधीची ते असतं. मीडियासकट शेवटचे १०,००० मेसेजच निघतात. त्याआधीच्या नोटेची चॅटमध्ये तारीख बघा, मग फोल्डर: २०२३३७ म्हणजे २०२३ चा ३७ वा आठवडा. फाइलच्या नावातही तारीख असते.

येऊर पायथा:
मूळ ऑपस फाइल्स (व्हॉइस नोट्स याच प्रकारात साठतात) तशाच ठेवा, दोन ठिकाणी. ऐकवायला एमपी३ची वेगळी प्रत काढा. ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) खरखर काढताना ६ डेसिबलच्या फार पुढे गेलात तर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटू शकतो. मागे स्टेशनची घोषणा असेल तर असू द्या. आणि ‘अरे ऐक ना’च्या आधीचा श्वास कापू नका, त्याशिवाय तो त्याचा आवाज वाटत नाही.

तलावपाळी मात्र नको. फोनवरच्या आवाजाला खर्ज नसतो, रिक्षांच्या हॉर्नपुढे काही टिकत नाही. सोसायटीचा हॉल घ्या, स्पीकरला वायरने जोडा. ब्लूटूथ सुरुवातीचा शब्द खातो, तेच वापरायचं असेल तर प्रत्येक फाइलच्या आधी दोन सेकंद शांतता टाका. फोन फ्लाइट मोडवर.

नौपाडाकर:
बरं, कट्टा रद्द. एकेक नोट किती लांब ठेवावी?

येऊर पायथा:
२० ते ४० सेकंद. पत्ता सांगतोय, टोमणा मारतोय, असलं रोजचं निवडा. आजारपणातल्या नोट्स नकोत.

कोपरी पूल:
वहिनींना आणि त्याच्या आईला निवडलेल्या नोट्स आधी घरी ऐकवा. हॉलमध्ये अचानक तो आवाज कानावर पडला तर सोसत नाही. त्या नको म्हणाल्या तर विषय संपला.

आणखी एक. प्रीपेड सिम ९० दिवस वापरलं नाही की बंद होऊ शकतं आणि नंबर पुढे दुसऱ्याला जातो. त्याच्या नावापुढे अनोळखी डीपी दिसला तर दचकू नका, जुनं चॅट तुमच्या फोनात राहतं. फक्त त्या नंबरवर काही पाठवू नका, आणि तो नंबर अजून कट्ट्याच्या ग्रुपमध्ये आहे का तेवढं आजच बघा.