मदत हवी आहे: काळविटाच्या स्नायूत सूक्ष्म सिस्ट (परजीवीच्या पिशव्या), सार्कोसिस्टिस की टोक्सोप्लाझ्मा (दोन्ही एकपेशीय परजीवी)?

सोलापूरजवळच्या माळरानावर मेलेल्या काळविटाचे शवविच्छेदन वनखात्याच्या परवानगीने झाले. जीभ, हृदय आणि डायफ्रामच्या एच-ई (हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगांनी रंगवलेल्या) छेदांत स्नायूतंतूंच्या आत लांबट, निळसर सिस्ट आहेत. भोवती दाह नाही. परजीवी सुटे व्हावेत म्हणून उरलेले तुकडे पेप्सिनमध्ये (पोटातल्या पाचक विकरात) पचवले, हाती काहीच लागले नाही. तुकडे फॉर्मॅलिनमधले होते. कुठे चुकतंय? शिवाय, गावातल्या कुत्र्यांनी असे मृतदेह खाल्ले तर माणसांना धोका आहे का?

प्रतिसाद १
फॉर्मॅलिनमुळेच फसलं. त्यात प्रथिने एकमेकांशी घट्ट जखडतात, मग पेप्सिनला तोडता येत नाहीत. पचनाला ताजाच स्नायू हवा: चरबी काढून बारीक चिरलेला 20 ग्रॅम, 200 मिली पाणी, त्यात 2 मिली तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल (आधी पाणी, मग आम्ल!), 1 ग्रॅम पेप्सिन. 37 अंशांवर अर्धा तास ढवळा, मलमलीतून गाळा, सेंट्रिफ्यूज करा, तळाच्या गाळाचा स्मिअर (काचेवरचा पातळ थर) जिम्सा रंगाने रंगवा. केळ्याच्या आकाराचे ब्रॅडिझोइट (सिस्टमधल्या परजीवी पेशी) दिसायला हवेत.

आहेत त्या छेदांत 40 किंवा 100च्या लेन्सखाली सिस्टच्या आत पडदे शोधा. पडद्यांनी कप्पे पडलेले असतील तर सार्कोसिस्टिस. टोक्सोप्लाझ्माची सिस्ट बहुधा 100 मायक्रॉनच्या आतली, पातळ भिंतीची आणि कप्प्यांविना. प्रजाती मात्र एच-ईवरून ठरत नाही. त्यासाठी पुढच्या वेळी एक तुकडा इथेनॉलमध्येही ठेवा. फॉर्मॅलिनमध्ये डीएनए तुटतो.

मूळ प्रश्नकर्ता
आभार. कप्पे दिसतात, पण सिस्टच्या भिंतीवरच्या उभ्या रेषा धूसर आहेत.

प्रतिसाद २
काही प्रजातींची भिंत मुळातच पातळ आणि गुळगुळीत असते, तिच्यावर रेषा नसतातच. ऊतक कुजल्यानेही धूसर दिसतं. सोलापूरच्या मे महिन्यात मृतदेह काही तासांतच बिघडतो. हृदय आणि जीभ आधी घ्या, तुकडा अर्ध्या सेंटिमीटरहून जाड नको, फॉर्मॅलिन तुकड्याच्या दहापट.

कुत्र्यांबद्दल: माणूस सार्कोसिस्टिसच्या गोमांसातल्या होमिनिस आणि डुकरातल्या सुईहोमिनिस प्रजातींचा अंतिम यजमान (ज्याच्या आतड्यात परजीवी प्रौढ होतो तो प्राणी) आहे, हरीणवर्गातल्या प्रजातींचा नाही. खरा प्रश्न परजीवीच्या जीवनचक्राचा आहे. कुत्रा, कोल्हा किंवा लांडग्याने कच्चं मांस खाल्लं की साधारण एक-दोन आठवड्यांत विष्ठेत स्पोरोसिस्ट (परजीवीचे संसर्ग पसरवणारे कवचबंद रूप) येतात. बाहेर पडतात तेव्हाच संसर्गक्षम असतात, आणि गवत-पाण्यातून पुन्हा काळविटात जातात. म्हणून शवविच्छेदनानंतर अवशेष उघड्यावर टाकू नका, जाळा किंवा खोल पुरा. विष्ठा तपासताना 10ची लेन्स पुरत नाही. स्पोरोसिस्ट जेमतेम 15 मायक्रॉनचे असतात, 40 वापरा.