मदत हवी आहे: जुन्या मोटर यॉटचं बाँडिंग
फायबरग्लासची जुनी मोटर यॉट आहे. पाण्याखालचे धातू, म्हणजे सी-कॉक (तळातून पाणी आत-बाहेर नेणारे व्हॉल्व्ह), शाफ्ट, रडर, सगळे तांब्याच्या एका पट्टीला जोडून झिंक ॲनोडपर्यंत (बाकी धातू वाचावेत म्हणून स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) नेलेत. मल्टिमीटरवर बहुतेक ठिकाणी 1 ओहमच्या आतच रीडिंग येतं. एका रडरला मात्र कधी 3, कधी 10. वायर हलवली की आकडा बदलतो. टर्मिनल घासून पाहिलं, फरक शून्य. इन्सुलेशनखाली तांबं काळं पडलं असावं असा संशय आहे. तेवढीच वायर टिनचा मुलामा असलेली टाकावी, की बिल्जमधली (बोटीच्या तळाच्या पोकळीतली) हिरवी पडलेली पट्टीही बदलावी? (फिरत्या शाफ्टला पट्टीशी जोडणाऱ्या ब्रशवर तसाही माझा भरवसा नाही, तेलाचा थर बसला की तो नावापुरताच.) शिवाय सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडने (पाण्यात सोडायचा संदर्भ इलेक्ट्रोड) या धातूंचं पोटेन्शियल कुणी मोजता का? ॲनोड जोडलेला असताना आणि सोडवून, असं दोन्ही वेळा?